पहिला संशोधन प्रकल्प कसा लिहावा : खानदेशातील विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प किंवा पीएच.डी.चा प्रबंध हाती घेतलेल्या विद्यार्थ्याला ‘आधी सगळे वाचून घे, माहिती जमव, मग निवांत लिहायला बस’ असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला मानणाऱ्यांची माहिती कधीच पुरी होत नाही आणि लेखन शेवटच्या महिन्यात डीटीपीवाल्याच्या दुकानात बसून उरकले जाते. धुळ्यात एम.ए. आणि जळगावच्या विद्यापीठातून पीएच.डी. करताना, तसेच नंतर धाकट्या विद्यार्थ्यांचे मसुदे वाचताना, माझे एक मत पक्के झाले आहे : प्रश्न ठरवण्यापासून प्रत सादर करण्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी लिहून हातावेगळे झाले पाहिजे. ते टप्पे येथे क्रमाने मांडले आहेत. उदाहरणासाठी कानबाईच्या, म्हणजे खानदेशात श्रावणात घरोघर बसवल्या जाणाऱ्या देवीच्या, गाण्यांचा विषय घेतला आहे. इतिहास, अर्थशास्त्र किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी त्या जागी आपला विषय ठेवून वाचावे.

१. विषयातून प्रश्न काढा

‘अहिराणी लोकगीतांचा अभ्यास’ हा विषय आहे, पण तो प्रश्न नाही. अशा शीर्षकाखाली काहीही बसते, म्हणून काय गाळायचे ते कधीच ठरत नाही आणि प्रकल्प फुगत जातो. विषय अरुंद करण्यासाठी त्याला गाव, काळ आणि तुलना या तिन्ही बाजूंनी आवळत आणा. ‘साक्री तालुक्यातील दोन गावांत कानबाईच्या वेळी सासूच्या पिढीतील स्त्रिया जी गाणी म्हणतात, त्यांतली कोणती सुनांच्या पिढीने ठेवली, कोणती सोडली आणि का?’ असे विचारले की कोणाला भेटायचे, काय ध्वनिमुद्रित करायचे आणि कोणते प्रकरण कशाबद्दल असेल हे आपोआप दिसू लागते.

प्रश्न पारखण्याची एक सोपी कसोटी आहे. तुम्हाला अपेक्षित असलेल्या उत्तराच्या नेमके उलटे उत्तर येण्याची शक्यता आहे का, ते पाहा. ‘लोकगीतांत स्त्रीजीवनाचे दर्शन घडते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येणारच नाही, म्हणून त्याच्यावर वर्षभर खर्च करण्यात अर्थ नाही. सुनांनी गाणी सोडली असतील असे वाटत असताना त्यांनी ती मोबाइलवर जपून ठेवली आहेत असेही निघू शकते, आणि असा प्रश्न धरण्याजोगा असतो.

प्रश्न ठरताच तो एका वाक्यात आणि त्याची गरज एका परिच्छेदात लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. हे तुमचे पहिले लेखन. पुढे तो परिच्छेद अनेकदा बदलेल, पण जुना खोडू नका, त्याच्याखाली तारीख घालून नवा लिहा.

एका सापळ्याबद्दल येथेच सांगतो. बहिणाबाई चौधरींच्या कवितेची भाषा अहिराणी असल्याचे गृहीत धरून विषय निवडणारे विद्यार्थी अजूनही भेटतात. ती लेवा गणबोली आहे. खानदेशातील बोलींवर काम करायचे असेल तर आपण नेमक्या कोणत्या बोलीबद्दल आणि कोणत्या पट्ट्याबद्दल बोलत आहोत, हे शीर्षक देण्याआधीच निश्चित करा.

२. वेळापत्रक पंचांग समोर ठेवून आखा

शैक्षणिक वर्ष आणि गावचे वर्ष जुळत नाही, आणि आपल्या भागातील बरेच प्रकल्प येथेच अडकतात. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी वैशाखात, म्हणजे नेमक्या परीक्षांच्या आणि प्रकल्प सादर करण्याच्या दिवसांत येतात. त्यावर काम करायचे असेल तर पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यातच ध्वनिमुद्रण करून ठेवावे लागते. कानबाई मात्र श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, त्यामुळे दुसरे वर्ष सुरू झाल्यावरही ती गाठता येते. मला हाच विषय उदाहरणाला सोयीचा वाटला, त्याचे कारणही हेच.

सणाशी संबंध नसलेल्या विषयांनाही हंगाम असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात मुलाखतीला कोणी सापडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-रावेरकडे दुपारी बाहेर पडणेच शहाणपणाचे नाही, तेव्हा सकाळी लवकर किंवा रात्रीच्या जेवणानंतर जावे. बायकांशी बोलायचे असेल तर रात्रीची वेळ बरी, पण परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवा.

पीएच.डी. करणाऱ्यांना वेळ भरपूर वाटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान ३ आणि कमाल ६ वर्षे मिळतात, आणि स्त्रियांना व दिव्यांग विद्यार्थ्यांना आणखी २ वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते. यातला बराच काळ कोर्सवर्क, समित्यांच्या बैठका आणि मंजुरीची वाट पाहण्यात जातो. तो काळ पुढच्या दोन टप्प्यांसाठी वापरा.

३. आधी काय झाले आहे ते शोधा

पहिला शोध शोधगंगेवर घ्या. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे हे भांडार गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते आणि ते कोणालाही विनामूल्य पाहता येते. देवनागरीत शोधून काही सापडले नाही तर तेच शब्द रोमन लिपीत वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून पाहा, कारण मराठी प्रबंधांची शीर्षके अनेकदा रोमनमध्येच नोंदलेली असतात.

येथे जुन्या कामाबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. आपले जळगावचे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले, त्याआधी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. खानदेशावरील त्या काळातील प्रबंध जळगावात शोधून ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ असे वाक्य लिहिणे धोक्याचे आहे. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाची सूची पाहिल्याशिवाय ते वाक्य लिहू नका. खरे तर ते वाक्य कधीच न लिहिणे उत्तम, कारण परीक्षकाला ते खोटे ठरवायला एकच पुस्तक पुरते.

धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ इतिहासाच्या आणि जुन्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी टाळू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यातच निधन झाले आणि त्यांनी जमवलेली कागदपत्रे व हस्तलिखिते या संस्थेने सांभाळली आहेत. रामदासी वाङ्मयाच्या हस्तलिखितांसाठी धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. अशा ठिकाणी जाताना महाविद्यालयाचे पत्र, ओळखपत्र आणि काय पाहायचे याची लेखी यादी सोबत न्या. ‘खानदेशाबद्दल काय आहे ते दाखवा’ असे म्हणणाऱ्याला कोणताही ग्रंथपाल फार मदत करू शकत नाही. मूळ कागद मोडीत असतील तर लिपी शिकायला लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरा.

आकडेवारी घेताना सीमांचा घोळ सांभाळा. १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील ‘खानदेश’ हा एकच जिल्हा आहे. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे १९९१ च्या जनगणनेतील धुळे जिल्हा आणि २००१ मधील धुळे जिल्हा यांची सरळ तुलना केली तर लोकसंख्या अचानक घटल्याचे दिसेल, आणि आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणाबद्दलचे निष्कर्ष तर पुरते चुकतील. अशा वेळी तालुकावार आकडे घेऊन स्वतः बेरीज करावी. बोलींवर काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ अशी मुख्य नोंद असून अहिराणी तिच्याखाली धरली आहे. शिवाय मालेगाव, बागलाण, कळवणकडचे अहिराणी बोलणारे लोक नाशिक जिल्ह्यात मोडतात, म्हणून भाषेचा खानदेश आणि जिल्ह्यांचा खानदेश एकच मानता येत नाही.

४. टिपणे अशी घ्या की ती पुढे मसुद्यात चालतील

पुस्तकातील परिच्छेदच्या परिच्छेद उतरवून घेतले की वाचल्याचे समाधान मिळते, हाती मात्र काही लागत नाही. प्रत्येक टिपणात तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत : लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर ते अवतरणचिन्हांत, लेखकाचे म्हणणे तुमच्या शब्दांत, आणि त्यावरचे तुमचे मत. मी मतासाठी निळी शाई वापरत असे. संगणकावर काम करणाऱ्यांनी रंग बदलला तरी चालेल. या तिन्हींची सरमिसळ झाली की सहा महिन्यांनी कोणते वाक्य कोणाचे हे सांगता येत नाही आणि नकळत दुसऱ्याचे वाक्य तुमच्या नावावर जाते.

लेखक, ग्रंथ, प्रकाशक, गाव, वर्ष आणि पृष्ठक्रमांक टिपणाच्या डोक्यावर त्याच वेळी लिहा. झेरॉक्स काढलेल्या पानांबरोबर पुस्तकाच्या मुखपृष्ठाची आणि आतील श्रेयपानाची झेरॉक्सही घ्या, नाहीतर एका पृष्ठक्रमांकासाठी पुन्हा धुळ्याची फेरी पडते. झोटेरो हे विनामूल्य सॉफ्टवेअर संदर्भ साठवायला चांगले आहे, मात्र मराठी नावांचा क्रम आणि विरामचिन्हे त्याने दिली तशी न ठेवता शेवटी डोळ्यांखालून घालावीत.

५. आराखडा

आराखडा, म्हणजे ज्याला सगळे सिनॉप्सिस म्हणतात, तो मंजुरीसाठीचा कागद असतो. त्यात प्रश्न, पूर्वीच्या कामाचा आढावा, उद्दिष्टे, गृहीतके, पद्धती, व्याप्ती आणि मर्यादा, प्रकरणांची मांडणी व संदर्भ येतात. उद्दिष्टे तीन-चारच ठेवा आणि प्रत्येक उद्दिष्ट कोणत्या प्रकरणात पुरे होणार ते पेन्सिलीने समोर लिहून पाहा. ज्याला प्रकरण सापडत नाही ते उद्दिष्ट काढून टाका. वरिष्ठांचा आराखडा नमुना म्हणून पाहायला हरकत नाही, परंतु त्यातील ‘समाजाला दिशा देण्याच्या’ उद्दिष्टांसह तो उतरवून काढण्याची जी रीत पडली आहे तिच्यापासून दूर राहा.

६. गावात काम करताना

ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्या. कागदावर सही किंवा अंगठा मागितला की म्हाताऱ्या बायका बिचकतात, कारण त्यांना अंगठ्याचा अनुभव सावकाराच्या आणि सरकारी कागदावरचा असतो. अशा वेळी आपण कोण, हे कशासाठी आणि नाव छापले तर चालेल का, एवढे अहिराणीतच विचारून त्यांचा होकार ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच घ्यावा. तुमच्या महाविद्यालयाला लेखी संमतीच हवी असेल तर गावातील शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविकेला सोबत घ्या. कानबाई हे घराघराचे दैवत आहे. रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, वेळी भाऊबंदकीबाहेरच्या माणसाने कुठपर्यंत यावे याचे नियम घराप्रमाणे बदलतात, म्हणून ते आधी विचारावे आणि ‘नको’ म्हटले तर मोबाइल खिशात ठेवावा.

प्रत्येक ध्वनिफितीला तारीख, गाव आणि गाणाऱ्या व्यक्तीचा सांकेतिक क्रमांक असे नाव त्याच रात्री द्या आणि तिची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवा. त्याच रात्री अर्धे पान लिहा : कोण कोण होते, कोण गाताना थांबले, कोणत्या ओळीला बायका हसल्या. फितीत न येणारी ही माहितीच पुढे विश्लेषणाला लागते.

अहिराणी देवनागरीत उतरवताना एकाच रूपाची तीन लेखने होतात. ‘जाई ऱ्हायना’ हे कोणी ‘जाइ राहिना’ असेही लिहितो. तुमची पद्धत कोणती ती सुरुवातीलाच ठरवून एका पानावर लिहा, कारण हे पान पुढे पद्धतीच्या प्रकरणात जसेच्या तसे जाईल. गाणे ‘सुधारून’ प्रमाण मराठीच्या जवळ नेण्याचा मोह आवरा. जे ऐकू आले नाही तेथे टिंबे द्या.

७. कच्चा मसुदा : प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका

‘मानव हा समाजशील प्राणी आहे’ येथून सुरू होणारी प्रस्तावना लिहिण्यात कित्येकांचे दिवाळीच्या सुटीतले सर्व दिवस जातात. प्रस्तावनेत वाचकाला काय सापडणार आहे ते सांगायचे असते, आणि ते अजून तुम्हालाच सापडलेले नसते. म्हणून पद्धतीचे प्रकरण आधी लिहा. तुम्ही काय केले एवढेच त्यात सांगायचे असल्याने ते सर्वांत सोपे जाते आणि हात मोकळा होतो. त्यानंतर विश्लेषणाचे प्रकरण, मग पूर्वसंशोधनाचा आढावा, निष्कर्ष, प्रस्तावना आणि सर्वांत शेवटी गोषवारा, असा क्रम मला उपयोगी पडला.

विश्लेषण म्हणजे गाणे देऊन खाली त्याचा अर्थ सांगणे असा समज सार्वत्रिक आहे. मसुद्यात प्रत्येक गाण्यानंतर स्वतःला विचारा की पहिल्या पानावरच्या प्रश्नाचे उत्तर या गाण्याने किती पुढे सरकले. समजा, सासूच्या गाण्यात माहेरहून येणारा भाऊ बैलगाडीने येतो आणि सुनेच्या गाण्यात तो मोटरसायकलवर येतो. हा बदल नोंदवून थांबू नका. भावाची वाट पाहण्याची भावना तशीच राहिली का, की फोनमुळे वाट पाहणेच उरले नाही आणि म्हणून ते कडवे गळाले, हे दोन्ही गावांतील पाठ शेजारी ठेवून तपासा. एक विधान, त्याचा पुरावा, विरुद्ध जाणारे एखादे उदाहरण आणि त्याचा विचार, एवढे आले की परिच्छेद उभा राहतो. विरुद्ध उदाहरणे लपवणाऱ्या प्रबंधावर परीक्षकाचा विश्वास बसत नाही.

पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले’ अशी रांग लावू नका. अभ्यासकांचे कोठे जुळते आणि कोठे बिनसते यानुसार गट पाडा आणि तुमचा प्रश्न कोणत्या फटीत बसतो ते शेवटी सांगा.

भाषेबाबत एवढेच सांगतो की जड शब्दांनी लेखन शास्त्रीय होत नाही. ‘अभ्यासाअंती असे निदर्शनास येते की’ हे शब्द गाळून वाक्य उभे राहत असेल तर ते गाळावेत.

८. दुसऱ्याचे ते दुसऱ्याचे

शैक्षणिक सचोटीबाबतचे आयोगाचे २०१८ चे नियम पदव्युत्तर आणि पीएच.डी. अशा दोन्ही स्तरांवरील प्रबंधांना लागू आहेत. दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांत कमाल ६ महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर प्रत सादर करता येत नाही आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे त्यातून वगळले जाते. गोषवारा, निरीक्षणे, निष्कर्ष, शिफारशी हे भाग मात्र पूर्णपणे तुमचेच असले पाहिजेत.

टक्केवारी कमी करण्यासाठी शब्द फिरवून देणारे लोक आणि संकेतस्थळे हल्ली सहज सापडतात. त्यांच्याकडून आलेल्या मजकुरात ‘रोट’च्या जागी ‘भाकरी’ आणि ‘माहेर’च्या जागी ‘मातृगृह’ असे चमत्कार होतात आणि मौखिक परीक्षेत त्याचा खुलासा तुम्हालाच करावा लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी दिलेले संदर्भ तर प्रत्यक्ष पुस्तक हातात घेतल्याखेरीज वापरूच नयेत, कारण ती साधने अस्तित्वात नसलेले ग्रंथही आत्मविश्वासाने सांगतात.

९. मार्गदर्शकांकडे मसुदा देणे आणि पुनर्लेखन

पूर्ण प्रबंध एकदम नेऊन ठेवला तर तो टेबलावर पडून राहतो. एकेक प्रकरण द्या आणि सोबत एका कागदावर दोन-तीन नेमके प्रश्न लिहा : ‘तिसऱ्या भागातील वर्गीकरण पटते का?’, ‘ही दोन गाणी परिशिष्टात न्यावीत का?’ सरांना किंवा मॅडमना पेपर तपासणीच्या आणि परीक्षांच्या दिवसांत गाठू नका. त्यांनी तोंडी सांगितलेले बदल घरी आल्यावर लिहून काढा आणि पुढच्या भेटीत तोच कागद घेऊन जा.

पुनर्लेखन तीन वेगवेगळ्या वाचनांत करा. पहिल्या वाचनात फक्त युक्तिवाद पाहा. त्यासाठी प्रत्येक परिच्छेदाचे सार समासात चार शब्दांत लिहा आणि नुसते समास वाचत जा, म्हणजे पुनरुक्ती आणि खाचा लगेच दिसतात. दुसऱ्या वाचनात वाक्ये, तिसऱ्यात शुद्धलेखन आणि संदर्भ. शुद्धलेखनापासून सुरुवात केली तर पुढे काढून टाकायच्या परिच्छेदांवर श्रम वाया जातात.

१०. टंकन, बांधणी आणि कागदपत्रे

मजकूर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टंकित करा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार, रकार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, आणि साम्यतपासणीच्या प्रणालीला तो मजकूर वाचताही येत नाही. दुकानात जाताना वर्ड फाइलबरोबर पीडीएफही न्या आणि छपाई पीडीएफवरूनच करून घ्या. समास, अक्षरांचा आकार, मुखपृष्ठाचा रंग, प्रतींची संख्या याबाबत मागील वर्षाच्या प्रतीवर विसंबू नका, विभागाकडून चालू परिपत्रक मागून घ्या.

सादर करण्याच्या आठवडाभर आधी हे सर्व एका फाइलमध्ये असावे :

- विषय मंजुरीचे आणि बदल झाला असल्यास त्या बदलाचे पत्र
- स्वतःचे प्रतिज्ञापत्र व मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र, सह्या आणि शिक्क्यांसह
- साम्यतपासणीचा अहवाल
- शुल्काची पावती, प्रवेशाचा किंवा नोंदणीचा पुरावा
- पीएच.डी.साठी कोर्सवर्कचे प्रमाणपत्र, प्रगती अहवाल आणि सादरीकरणाचा अहवाल
- मुलाखतींची यादी, संमतीच्या नोंदी आणि ध्वनिफितींची प्रत

हार्ड बाइंडिंग सर्व सह्या झाल्यावरच करा. बांधलेल्या प्रतीत एक सही राहिली तर पान चिकटवण्याची वेळ येते आणि ते दिसते.

११. मौखिक परीक्षा आणि त्यानंतर

व्हायवाला बहुतेक प्रश्न पद्धतीवर आणि मर्यादांवर येतात. हीच दोन गावे का, पुरुषांना का विचारले नाही, दुसऱ्या तालुक्यात गेला असता तर काय वेगळे मिळाले असते, यांची उत्तरे आपल्याच प्रबंधातील पृष्ठक्रमांकांसह तयार ठेवा. परीक्षकांनी दाखवलेली चूक खरी असेल तर ती तेथेच मान्य करून दुरुस्तीत घेतो असे सांगावे.

निकालानंतर एखाद्या प्रकरणाचा लेख करावा असे वाटेल. तेव्हा ‘पैसे भरा, आठ दिवसांत प्रमाणपत्रासह छापून देतो’ असे संदेश येऊ लागतील. पूर्वी अशा नियतकालिकांची पारख करायला आयोगाची केअर यादी (दर्जा तपासलेल्या नियतकालिकांची यादी) होती. ती ठेवणे आयोगाने २०२५ मध्ये थांबवले आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व लेखकांवर आली. त्यामुळे लेख पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे मागील दोन-तीन अंक वाचा, संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या विषयात काम करतात का ते पाहा, आणि लेख कोण तपासतो व त्याला किती वेळ लागतो हे संपादकांना लेखी विचारा. प्रकरणाचा लेख करताना निम्म्याहून अधिक मजकूर वगळावा लागतो. एकच विधान निवडून त्याभोवती लेख नव्याने लिहा, आणि तो मोठ्या प्रबंधाचा भाग असल्याची नोंद पहिल्या पानाच्या तळटीपेत द्या.